दुपारचं माप

फोन बायकोने घेतला. सकाळचे साडेदहा झाले होते आणि तो बाल्कनीत कुंडीतल्या मातीत बोट खुपसून ओल किती खोलवर आहे ते पाहत होता. हा त्याचा रोजचा उद्योग. बायकोच्या मते बिनकामाचा, कारण झाडाला पाणी हवं की नको हे पानांकडे बघूनही कळतं. "तुमचा आहे," ती आतून म्हणाली, "कोण ती समुद्रवाली." त्याने मातीचं बोट तसंच ठेवून दुसऱ्या हाताने फोन कानाला लावला. आवाज तरुण मुलीचा होता आणि तिला सर्दी झाली होती. समुद्राचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत ती संशोधक होती. जुन्या लढाऊ जहाजांनी पन्नास वर्षांपूर्वी पाण्याची जी तापमानं मोजून ठेवली होती ती आता नौदलाने खुली केली होती, आणि ती नि तिचे सहकारी ते सगळे आकडे कॉम्प्युटरवर चढवत होते. समुद्र तेव्हापासून किती तापला हे दुसऱ्या कशावरून कळणार? त्याच्या जहाजाचे तक्ते म्हणे सगळ्यांत नेटके होते. त्यांवरची सही वाचून तिने त्याला शोधून काढलं होतं. फक्त एक बारीकशी शंका होती. एका दिवसाचे दोन तक्ते होते, सकाळी सातचा आणि दुपारी दोनचा. पृष्ठभागापासून नव्वद मीटर खोलीपर्यंत दर पाच मीटरला एक, असे प्रत्येकी एकोणीस आकडे. आणि एकोणीसच्या एकोणीस आकडे दशांश चिन्हापुढच्या अंकासकट तेच होते. "सर, एखाददुसरा जुळतो. पाच-सहा जुळले तरी आम्ही काही म्हणत नाही. पण समुद्र एका दिवसात दोनदा असा सारखा नसतो ना," ती म्हणाली, आणि शिंकली, आणि सॉरी म्हणाली. तिच्या फॉर्मवर तीन चौकोन होते: माप बरोबर, उतरवताना झालेली चूक, माप घेतलेलं नाही. यांतल्या कशावर खूण करू, एवढंच तिला हवं होतं. तारीख तिने सांगितली नसती तरी चाललं असतं.

मूळ कागद बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, असं तो म्हणाला. आवाज नेहमीसारखा निघाला याचं त्याला आश्चर्य वाटलं. ती खूश झाली. मग याच ना सर, गुरुवारी या, आम्हाला तुम्हाला भेटायचंच आहे. फोन ठेवून तो पुन्हा बाल्कनीत जाऊन उभा राहिला. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर एक माणूस पाण्याची टाकी आतून खरवडत होता. माणूस दिसत नव्हता, नुसता खर्र खर्र आवाज येत होता. सत्तेचाळीस वर्षं तो या प्रश्नाची वाट पाहत आला होता, पण त्याच्या मनातला विचारणारा नेहमी गणवेशात असे, लांब टेबलाच्या पलीकडे बसलेला असे, आणि विचारण्याआधी चष्मा काढून पुसत असे. चोराच्या मनात चांदणं. सुरुवातीच्या वर्षांत बदलीचा हुकूम आला, वरिष्ठाने 'जरा आत या' म्हटलं, की त्याला वाटायचं, आलं. मग हळूहळू ते वाटणं कमी झालं. गुडघ्यातल्या जुन्या दुखण्यासारखं थंडीत तेवढं ठणकू लागलं. आणि आता ते आलं होतं ते असं, साडेदहा वाजता, एका सर्दी झालेल्या मुलीच्या तोंडून, जिला आपण काय विचारतो आहोत हेही ठाऊक नव्हतं. बोटावरची माती वाळून नखात बसली होती. आतून बायकोने विचारलं, काय म्हणत होती? तो म्हणाला, जुने कागद सापडलेत आमच्या जहाजाचे. एवढं खरं होतं.

त्या वेळी युद्ध चालू होतं, तो अठ्ठावीस वर्षांचा होता आणि जहाजावर त्याला सगळे वैद्यबुवा म्हणत. काम त्याचं पाणबुड्या शोधण्याचं. जहाजाच्या पोटाखालून पाण्यात आवाज सोडायचा आणि तो कशावर आपटून परत येतो का ते ऐकायचं. पण आवाज पाण्यात सरळ जात नाही. तो उबदार पाण्यातून थंड पाण्याकडे वळतो. रात्रभरात वरचं पाणी निवून, ढवळून एकसारखं झालेलं असतं, तेव्हा सकाळी आवाज चार चार किलोमीटर जातो. मग ऊन चढतं. वारा पडलेला असेल तर वरचं पाच-दहा मीटर पाणी एखाददोन अंशांनी तापतं, आणि तेवढ्यानेच आवाज खाली बुडी मारतो. जरा लांबवर, पृष्ठभागाजवळ एखादी पाणबुडी असली तर तिला त्याचा स्पर्शही होत नाही. डोळ्यांना यातलं काही दिसत नाही. समुद्र सकाळी असतो तसाच दुपारीही असतो, उलट जरा अधिकच देखणा. म्हणून मोजावं लागतं. पितळेचा हातभर नळा तारेने पाण्यात सोडायचा, वर ओढून त्याने टिपलेली रेघ भिंगातून वाचायची, आकडे तक्त्यात भरायचे आणि त्यावरून आपला आवाज आत्ता किती लांब पोचेल तो पल्ला काढून कॅप्टनला कळवायचा. सकाळी सात, दुपारी दोन. यासाठी वेग कमी करावा लागे, आणि पाणबुड्यांच्या पाण्यात वेग कमी करणं म्हणजे वाघाच्या गुहेत बसून जेवणाचा डबा उघडणं. हे वाक्य कॅप्टनचं. समुद्राचा ताप बघतो म्हणून वैद्यबुवा हे नावही त्यानेच पाडलेलं.

दोन जहाजं जोडीने शोध घेत होती, एकमेकांना समांतर. मधलं अंतर वैद्यबुवाच्या पल्ल्यावर ठरे: पल्ल्याच्या दीडपट, म्हणजे दोघांचे कान मध्यावर एकमेकांवर थोडे चढतात आणि फट राहत नाही. त्याचं जहाज मानाने वडील, त्यामुळे अंतराचा हुकूम तिथून सुटे. धाकट्या जहाजाच्या इंजिनघरात त्याचा मेहुणा होता. बायकोचा पाठचा भाऊ, तेवीस वर्षांचा, हसताना डोळे पार मिटून घेणारा, आणि ग्रीसचे डाग पडलेले हात कुठेही पुसणारा. वडील जहाजाने वेग कमी केला की धाकट्यालाही करावा लागे, मग पुन्हा वाढवावा लागे, आणि ते सगळं मेहुण्याच्या अंगावर येई. त्या दिवशी सकाळचं माप झाल्यावर समोरच्या जहाजावरचा दिवा लुकलुकला आणि सिग्नलवाल्याने दात काढत चिठ्ठी आणून दिली. भावोजींना विचारा, रोग्याला दुपारी पुन्हा तपासायलाच हवं का, माझ्या इंजिनांना दमा लागलाय. जेवणाच्या वेळेपर्यंत हा विनोद कॅप्टनच्या कानी गेला होता. कॅप्टन पोटाचा रोगी, त्याला पातळ सूपच काय ते पचे, आणि वेग बदलला की ते सूप बशीबाहेर यायचं. "काय वैद्यबुवा," तो सगळ्यांदेखत म्हणाला, "सकाळी नाडी पाहिलीत, आता दुपारी परत? अशाने रोगी तुमच्याच भीतीने मरेल." सगळे हसले. तोही हसला. कानांच्या पाळ्या गरम झाल्या होत्या, हे त्याला आजही आठवतं. नको असं कॅप्टन म्हणाला नव्हता. तो 'नको' म्हणाला असता तर पुढचं सगळं आयुष्य वेगळं गेलं असतं, असा विचार त्याने इतक्या वेळा केला होता की त्या विचाराला आता टाकीच्या तळासारखी खरवड बसली होती. पावणेदोनला तो ब्रिजच्या शिडीपाशी गेला. वर जाऊन फक्त विचारायचं होतं, वेग कमी करण्याची परवानगी असावी. वरून हसण्याचा आवाज येत होता. वारा नावाला नव्हता, पाणी तेलासारखं पडून होतं, शिडीचा लोखंडी कठडा हाताला चटका देत होता. त्या चटक्यावरूनच कळायला हवं होतं. कळलंही होतं. तो तसाच खाली आला, टेबलाशी बसला आणि सकाळचे एकोणीस आकडे दुपारच्या तक्त्यात सुवाच्य अक्षरात उतरवून काढले. भीड भिकेची बहीण म्हणतात. त्याने भिडेपायी जे मागितलं नाही ते मागायला चार शब्द पुरले असते. पल्ला चार हजार मीटर. अंतर सहा हजार. सकाळचंच कायम.

तीन वाजून वीस मिनिटांनी धाकट्या जहाजाच्या कुशीत टॉर्पेडो बसला. सहा किलोमीटरवरून आवाज यायला जो वेळ लागला त्यात त्याने धुराचा खांब उभा राहताना पाहिला, नि:शब्द, आणि त्या सतरा-अठरा सेकंदांत त्याला एकच गोष्ट सुचली, ती म्हणजे हातातली पेन्सिल नीट खोबणीत ठेवणं. अकरा मिनिटांत जहाज गेलं. इंजिनघरातलं कुणीच वर आलं नाही. पुढचे तीन तास त्याने पाण्यातून माणसं काढली. तो स्वतः जाळीच्या शिडीवर कमरेपर्यंत पाण्यात उतरून उभा होता, आणि तेलाने माखलेला प्रत्येक चेहरा पुसून बघत होता. एकतीस निघाले. तेव्हा त्याला जाणवलं की वरचं पाणी कोमट आहे. कमरेला कोमट आणि पावलांना गार. अंघोळीच्या पाण्यासारखं, वरवर तापलेलं, न ढवळलेलं. असं त्याने माप घेतलं, त्या दिवसाचं दुसरं, खरं माप, आपल्या अंगाने, आणि ते कुठल्याही तक्त्यात गेलं नाही.

चौकशी रीतसर झाली. तिघांच्या मंडळापुढे त्याने दोन्ही तक्ते ठेवले. त्यांनी ते पाहिले, म्हणजे तारीख, वेळ, सही पाहिली. एकोणीस आकडे एकोणीस आकड्यांशी लावून बघायचं कुणाच्या मनातही आलं नाही, कारण असं कुणी करत असेल हेच त्यांच्या डोक्यात येण्यासारखं नव्हतं. कॅप्टन म्हणाला, आमच्या या गृहस्थाने एकही माप कधी चुकवलेलं नाही, आम्ही चेष्टा केली तरीसुद्धा. हे सांगताना त्याचे डोळे भरून आले होते. पाण्यातून काढलेल्या एकतीस माणसांबद्दल वैद्यबुवाला पदक मिळालं. पुढे बढत्या मिळाल्या, दोन जहाजांची कमान मिळाली, आणि मधली नऊ वर्षं पाणबुडीविरोधी शाळेत शिकवण्यात गेली. तिथे तो दुपारच्या मापावर पूर्ण एक तास बोलायचा. माप दोनदा नव्हे, चारदा घ्यायचं. आणि त्यासाठी परवानगी मागायची नाही, नुसतं कळवायचं. हा नियम त्याने लढून करवून घेतला. पोरं त्याला मागे 'दोन वाजले' म्हणत. निवृत्तीच्या भाषणात कुणीतरी म्हणालं की या एका नियमाने किती जीव वाचले असतील याची मोजदाद नाही. टाळ्या वाजल्या. तो खाली बसला तेव्हा बायकोने टेबलाखाली त्याचा हात दाबला. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ती मूठ तिने हातात धरली होती.

कारण तिचं सगळं समाधान त्याच्यावर उभं होतं. भाऊ गेला ते गेलाच, पण तिथे परकं कुणी नव्हतं, हे होते. आपलं माणूस पाण्यात उतरून त्याला शोधत होतं. हे वाक्य ती आईला म्हणाली, मग वडिलांना, मग वर्षानुवर्षं भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला. त्यांची मुलगी लहान असताना मामाची गोष्ट सांग म्हणाली की गोष्ट इथेच संपायची: आणि तुझे बाबा अंधार होईपर्यंत शोधत होते. ते ऐकताना तो वर्तमानपत्राचं पान उलटायचा. एकदा, लग्नाला वीस-बावीस वर्षं झाली असतील, त्याने सांगायचं ठरवलं होतं. बायको शाळेत शिकवून आली होती, गणिताच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा टेबलावर टाकून तिने पाय वर घेतले, आणि एका पोरीने दुसरीचं गणित चुकीसकट कसं उतरवलं ते सांगून हसली. कॉपी पकडण्यात तिचा हातखंडा होता. तो तोंड उघडणार तेवढ्यात ती म्हणाली, आज तुम्ही फार दमलेले दिसता. आणि तो म्हणाला, हो. बस्स, एवढंच झालं. आयुष्यात मोठ्या गोष्टी राहून जातात त्या अशा एका 'हो'पायी.

गुरुवारी बायकोनेही येते म्हटलं. कागद भावाच्या शेवटच्या दिवसाचे, एवढं त्याने तिला सांगितलं होतं, आणि ते तिला बघायचे होते. काय बघणार, नुसते आकडे आहेत, तो म्हणाला. ती म्हणाली, अहो, जन्म आकड्यांत गेलाय माझा, मला काय आकड्यांचं वावडं आहे? तिने कपाटातून चांगली साडी काढली. एका वाक्याने तिला थांबवता आलं असतं, कंटाळशील, ऊन आहे, पुन्हा कधीतरी जाऊ. पण ती आरशासमोर उभी राहून मानेमागे हुक लावायला त्याला हाक मारत होती, आणि त्याने हुक लावला. टॅक्सीत तो मनाशी पक्कं करत होता: उतरवताना झालेली चूक. दुसरा चौकोन. दुपारचा मूळ कागद भिजला असेल, कुणी कारकुनाने सकाळचाच दोनदा उतरवला असेल, धावपळीचे दिवस, सांगता येत नाही. यात कुणाचं काय नुकसान? त्या संशोधक मुलीच्या हजारो आकड्यांतले एकोणीस गळतील. जगाच्या समुद्राला काही फरक पडणार नाही. बायको खिडकीतून बाहेर बघत होती आणि तिचा हात सीटवर त्याच्या हाताशेजारी, न लागता, पडला होता.

संस्थेची इमारत नवी होती आणि जिन्यात रंगाचा वास होता. मुलीची खोली लहान. दोन कॉम्प्युटर, भिंतीवर समुद्रतळाचा नकाशा, खिडकीत रुमालांचा खोका. ती त्याच्या पायाच पडायच्या बेतात होती. तिने दोघांना खुर्च्या दिल्या, बायकोला काकू म्हणाली, स्वतः स्टुलावर बसली आणि पुठ्ठ्याच्या फाइलीतून दोन पिवळे कागद काढून शेजारी शेजारी ठेवले. सत्तेचाळीस वर्षांनी त्याने आपलं तरुणपणचं अक्षर पाहिलं. ते त्याला आवडलं, आणि आवडलं याची किळस आली. सत्तावीस दशांश चार, सत्तावीस दशांश चार, सत्तावीस दशांश तीन. डावीकडे एक आकडा खोडून वर नीट लिहिला होता, रेघ वाचताना झालेली चूक. उजवीकडे खाडाखोड नव्हती. बायकोने चष्मा लावला. तिने एक बोट डाव्या कागदावर ठेवलं, एक उजव्या, आणि दोन्ही बोटं एकदम खाली सरकवत नेली, जशी ती तीस वर्षं नेत आली होती. तळाशी पोचण्याआधीच ती हसली. "ही तर कॉपी," ती मुलीला म्हणाली. "आणि कारकुनाची नाही हं. कारकून कंटाळलेला असतो, तो वेडंवाकडं लिहितो. कॉपी करणारा अक्षर चांगलं काढतो, कारण त्याला विचार करायचा नसतो. माझ्या वर्गात..." आणि तिचं बोट खाली सहीवर आलं. सही ती रोज बघत होती, बँकेच्या कागदांवर, दूधवाल्याच्या पावतीवर. मग बोट वर तारखेवर गेलं. ते तिथे थांबलं.

खोलीत यंत्रांची घरघर होती. मुलीने पेन उघडलं होतं. तिच्या फॉर्मवरचे तीन चौकोन रिकामे होते. तिला काहीच कळलं नव्हतं, ती नुसती आदराने वाट बघत होती. त्याला वाटलं, अजूनही म्हणता येईल. अजूनही दुसरा चौकोन आहे, बायकोला खरं कळलं तरी ती मूग गिळून बसेल, घरी गेल्यावर काय ते होईल, इथे परक्या मुलीसमोर तरी नको. आणि या विचारातला 'परक्यासमोर नको' हा भाग त्याने ओळखला. तो त्याच शिडीपाशी उभा होता.

"माप घेतलेलं नाही," तो म्हणाला.

मुलीने तिसऱ्या चौकोनात खूण केली. यंत्र बिघडलं होतं का सर, असं तिने विचारलं, कारणासाठी एक ओळ होती. नाही, यंत्र ठीक होतं. हवामान? हवामान उत्तम होतं. मी घेतलं नाही आणि सकाळचं उतरवून ठेवलं, असं लिहा. मुलगी लिहू लागली आणि मध्येच थांबली. आपल्या हातून काही वावगं झालं का अशा नजरेने तिने काकूंकडे पाहिलं. बायको म्हणाली, "नाही बाळ, तू बरोबरच विचारलंस." तिचा आवाज वर्गातला होता. मग तिने विचारलं, त्या दुपारी पाणी खरोखर कसं होतं हे आता काढता येतं का? मुलीचा जीव भांड्यात पडला, हे तिच्या विषयातलं होतं. येतं ना काकू. त्या दिवशी चाळीस मैलांवरून एक मालवाहू जहाज जात होतं, तेही तापमानं घेत होतं, वारा नसल्यामुळे सगळीकडे सारखंच असणार. तिने कळा दाबल्या. दुपारी अडीच वाजता पृष्ठभागावर एकोणतीस दशांश एक, पंधरा मीटरवर सत्तावीस चार. जुन्या कोष्टकांनुसार आवाजाचा पल्ला येतो सोळाशे मीटर, शंभर इकडे तिकडे. बायको म्हणाली, हे मला कागदावर देशील? आणि या दोन्हींच्या झेरॉक्स. मुलीने सगळं एका पाकिटात घालून दिलं, लिफ्टपर्यंत सोडायला आली आणि वाकून नमस्कार केला. आशीर्वाद बायकोने दिला.

टॅक्सीत ती खिडकीशी बसली. पाकीट तिने मांडीवर दोन्ही हातांनी धरलं होतं. चौकात सिग्नल लांबला, शेजारच्या गाडीतला माणूस स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरत होता, आणि त्याला वाटलं की सांगून झाल्यावर माणसाला हलकं वाटतं असं जे म्हणतात ते कुणी सांगूनच पाहिलं नसावं. हलकं काही वाटत नव्हतं. उलट इतकी वर्षं जी गोष्ट त्याची एकट्याची होती, आतून ओळखीची, गुळगुळीत झालेली, ती आता त्याच्या हातची गेली होती. ती शेजारी दुसऱ्या कुणाच्या मांडीवर होती, आणि तिथे ती काय रूप घेत होती ते त्याला दिसत नव्हतं.

घरी आल्यावर तिने साडी बदलली, चहा केला, त्याचा कप त्याच्यासमोर ठेवला. जेवणाच्या टेबलावर पाकीट उघडलं, झेरॉक्स उलटी करून कोरी बाजू वर घेतली आणि पेन्सिल काढली. संध्याकाळचं ऊन टेबलाच्या कडेपर्यंत आलं होतं. मला समजावून सांगा, ती म्हणाली, पहिल्यापासून, विद्यार्थ्याला सांगाल तसं. त्याने सांगितलं. पाणी, आवाज, पल्ला, दीडपट, दोन जहाजं. शाळेत नऊ वर्षं सांगितलं होतं तसंच सांगितलं, आणि मग शाळेत कधीच सांगितलं नव्हतं तेही: कॅप्टनचा टोमणा, सगळ्यांचं हसणं, पावणेदोन, शिडी. यासाठी? तिने विचारलं. यासाठी, तो म्हणाला. सकाळच्या चिठ्ठीचं मात्र तो बोलला नाही. दिव्याने आलेली, दम्याची. ती सांगितली असती तर थोडा भार मेलेल्याच्या खांद्यावर गेला असता, आणि तो झटकून टाकायला मेहुणा आता नव्हता. एवढी एक गोष्ट त्याने स्वतःकडे ठेवली, आणि ही आपल्या आयुष्यातली पहिलीच लपवाछपवी आहे जिची लाज वाटत नाही, असं त्याच्या लक्षात आलं.

ती मांडत गेली. पल्ला सोळाशे. दीडपट चोवीसशे. ठेवलेलं अंतर सहा हजार. तिने एक आडवी रेघ काढली, तिच्या दोन टोकांना दोन टिंबं, आणि प्रत्येक टिंबापासून सोळाशेची खूण आत केली. एका टिंबाखाली तिने काही लिहिलं नाही, दुसऱ्याखाली भावाचं घरातलं नाव लिहिलं, जे या घरात कित्येक वर्षांत कुणी उच्चारलं नव्हतं. सहा हजारांतून बत्तीसशे गेले. मध्ये अठ्ठावीसशे मीटर राहिले, जिथे कुणाचाच कान पोचत नव्हता.

"पाणबुडी किती रुंद असते?" तिने विचारलं.

"सात मीटर. साधारण."

तिने अठ्ठावीसशेला सातने भागलं. भागाकार ती पूर्ण मांडून करायची, तोंडी येत असला तरी. चारशे. शेजारी शेजारी, अंगाला अंग लावून, चारशे पाणबुड्या तिथून गेल्या असत्या. त्याला म्हणायचं होतं की असं नसतं, की अंतर चोवीसशे असतं तरी ती पाणबुडी कदाचित तापलेल्या थराखालून आली असती, लांबून मारा केला असता, की समुद्रात नक्की असं काहीच नसतं. सत्तेचाळीस वर्षं त्याने स्वतःला हेच सांगितलं होतं आणि त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. तो म्हणाला, "तरीही ती आली असती, कदाचित."

"असेल," ती म्हणाली. "ते या गणितात नाही."

तिने उत्तराखाली दोन रेघा ओढल्या, कागद फिरवून त्याच्या बाजूला केला आणि पेन्सिल त्यावर ठेवली.

"तपासा," ती म्हणाली.

त्याने पेन्सिल उचलली. वरून सुरुवात केली. प्रत्येक आकड्यापाशी थांबला, गुणाकार पुन्हा केला, वजाबाकी पुन्हा केली, भागाकार पुन्हा केला, एकही पायरी गाळली नाही. ऊन टेबलावरून सरकून खाली गेलं होतं आणि ती समोर हात जुळवून बसली होती, पेपर गोळा करायला थांबलेल्या बाईंसारखी.

"बरोबर आहे," तो म्हणाला.